शंभरातले एक्याऐंशी



वसंत म्हटलं की आपल्याला पळस आणि कोकिळा आठवते. यंदा चैत्रात आखाडा बाळापूरला मला तो एका घरात, भिंतीकडेला ओल्या गोणपाटात गुंडाळलेला सापडला. आत सोयाबीनचे १०० दाणे, दहा-दहाच्या ओळीत मांडलेले. आठवडाभर काकू त्यावर बेतानं पाणी शिंपडत होत्या. गटातल्या सात-आठजणी गोल करून बसलो, सुतळी सोडली, गोणपाट उलगडलं. पांढरे, टणक मोड! मोजता मोजता ८१ भरले. "पास झालं की वो ताई!" म्हणत काकू पोरीसारख्या हसल्या. मग उत्साहानं त्यांनी कोपऱ्यातलं हळदीचं बेणंही उघडून दाखवलं. त्याचे डोळे नुकते फुगू लागले होते.

हा आनंद लहान नाही. जून २०२० मध्ये मराठवाड्यात ठिकठिकाणी सोयाबीन उगवलंच नाही. तक्रारी इतक्या झाल्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. काकूंचंही बियाणं मातीतच राहिलं. तक्रारीला पावती हवी, ती दिराच्या नावाची. सातबारा हवा, त्यावर अजून वारलेल्या नवऱ्याचं नाव. पेरणारी बाई कागदावर कुठेच नव्हती. दुबार पेरणीचं कर्ज मात्र तिच्याच डोक्यावर.

सोयाबीन स्वपरागीत पीक आहे, म्हणून घरचं चांगलं बियाणं पुन्हा पेरता येतं. साल नाजूक असते. पोतं आदळलं, थप्पी उंच रचली की उगवण मार खाते. शंभरात ७० उगवले तर नेहमीच्या मापानं पेरा, कमी उगवले तर बियाणं वाढवा. एवढं साधं शास्त्र! पण प्रशिक्षणाला जातात पुरुष, आणि बियाणं सांभाळते ती घरातली बाई. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आपण सगळ्याच हरखलो. त्यांना 'बीजमाता' म्हणतात. म्हणोत. बाईला माता केलं की तिच्या मालकीचं कुणी विचारत नाही, ही माझी जुनीच कुरकुर.

हळदीचंही तेच. फाल्गुनात काकूंचे हात मनगटापर्यंत पिवळे असतात, पण हळदी-कुंकवाला त्यांना बोलावणं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव २०२२ साली केला. आपल्या किती गावांनी केला?

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात विधवा पहिल्या वर्गातली वारस आहे. काकूंना हे त्या दिवशी, मोडांभोवती बसल्या बसल्याच पहिल्यांदा कळलं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दीर काय म्हनतील?" त्यावर बायकांची जी चर्चा पेटली ती दिवेलागणीपर्यंत. शेवटी ठरलं, सोमवारी वारस नोंदीचा अर्ज घेऊन सज्जावर जायचं. काकू, मी आणि गटातल्या आणखी दोघी.

उठताना मी गोणपाट झटकायला गेले, तर काकूंनी हात धरला. ते ८१ मोड त्यांनी न्हाणीच्या पाण्यावर, दाराशी लावलेत.