मोटारीची साक्ष काढा!

वसईच्या पूर्वेस मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतचे वालीव आज कारखान्यांच्या गाळ्यांनी भरून गेले आहे. तेथला कारकून वा फोरमन लोकलच्या गर्दीस विटून मोटार घेतो, ती बहुधा जुनी. इंजिनातले त्यास कळत नाही. तो विश्वास टाकतो तबकडीवरील एका आकड्यावर. हा आकडाच खोटा असेल तर?

आणि तो खोटा करणे आता अगदी सोपे झाले आहे. पूर्वी त्यासाठी तबकडी उघडून दातेरी चाके फिरवावी लागत. आता आकडा एका इवल्याशा चिपमध्ये असतो. स्टिअरिंगखालच्या जोडणीत यंत्र लावले, की दीड लाखाचे पन्नास हजार होतात. ओरखडाही उठत नाही. दिवसरात्र राबलेली गाडी 'डॉक्टरांच्या हातची' म्हणून उभी राहते! यात केवळ पैसे बुडत नाहीत. ब्रेक, टायमिंग बेल्ट कधी बदलायचा, हे याच आकड्यावरून ठरते. त्यावर विसंबून एखादे कुटुंब घाट उतरू लागते, तेव्हा प्रश्न जिवाचा असतो.

परंतु आजची मोटार ही नोंद एकाच जागी ठेवीत नाही. अनेक गाड्यांत इंजिन, गिअर, ब्रेक यांच्या नियंत्रक संगणकांतही ती सापडते; बिघाड किती किलोमीटरवर झाला, हेही काही गाड्या टिपून ठेवतात. निदानाची संगणकप्रणाली त्याच जोडणीतून हे सारे वाचते. तबकडी म्हणते पन्नास हजार, आणि बिघाड नोंदलेला एक लाख वीस हजारांवर! याहून निराळा पुरावा कशाला हवा? सर्वच गाड्या अशी साक्ष देत नाहीत, आणि निर्ढावलेला ठक बाकीच्या नोंदीही पुसतो, हे खरे. म्हणून सर्व्हिसची बिले आणि पेडलची झीजही पाहावी. तरीही ही तपासणी टाळणे म्हणजे कसास न लावता सोने घेणे होय.

पण सारा भार ग्राहकानेच का वाहावा? रिक्षाचे मीटर सरकार तपासून सील करते. लाखांच्या सौद्यातील आकडा मात्र मोकाट! मालकी बदलण्याच्या नमुना २९ व ३० मध्ये किलोमीटरचा रकानाच नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांस फेऱ्यांची नोंदवही सक्तीची झाली, पण ती गाडी त्यांच्या हाती आल्यानंतरची. भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमाखाली फसवणूक हा गुन्हा आहेच. परंतु पूर्वीचा आकडा कोठे लिहिलेलाच नसेल, तर वालीवच्या पोलीस ठाण्यात फिर्यादी दाखवणार काय?

बेल्जियममध्ये २००६ पासून गॅरेजे हा आकडा मध्यवर्ती नोंदीत कळवितात, आणि त्याच्या दाखल्यावाचून जुनी मोटार विकता येत नाही. आपल्याकडे 'वाहन' ही देशव्यापी नोंदप्रणाली तयार आहे. सर्व्हिस केंद्रांनी दर सर्व्हिसला, आणि एम. एच. ४८ च्या कार्यालयासह प्रत्येक परिवहन कार्यालयाने मालकी बदलताना, तीत आकडा चढवावा, अशी आमची मागणी आहे. हा एक रकाना वाढविण्यास किती दिवस लागतील, ते केंद्रीय परिवहन मंत्रालयाने सांगावे.