आधी नाटकशाळा, मग घर

योलला असताना एका रविवारी सकाळी साडेनऊला मी मॅक्लोडगंजच्या बाजारावरून चढ चढून तिबेटी नाट्यसंस्थेच्या अंगणात जाऊन बसलो. तासाभरात परत, असा हिशेब होता. दुपारी तीनला उठलो तेव्हाही गोष्ट निम्म्यावरच होती.

वसंतातला शोतोन चालू होता. शोतोन म्हणजे शब्दशः दह्याचा सण. ल्हासात तो उन्हाळ्यात होत असे, इथे तो साधारण आपल्या शिमग्याच्या पुढेमागे येतो. या दिवसांत ल्हामो नावाचं त्यांचं संगीत नाटक होतं. अंगणावर मोठं छत, पडदा नाही, नेपथ्य नाही, वाद्यं दोनच, ढोल आणि झांजा. सुरुवातीला निळे मुखवटे घातलेले शिकारी येऊन नाचतात, जागा शुद्ध करतात, मग कथा. माझं गाव संगमेश्वरकडचं. आमच्या नमन-खेळ्यात आधी गण, मग संकासुराचा धुडगूस आणि मग वग. त्यामुळे मला फारसं परकं वाटलं नाही. भाषेचं एक अक्षर कळत नव्हतं, पण कुठे हसायचं ते कळत होतं. आजूबाजूला आज्या थर्मास, सतरंज्या, नातवंडं घेऊन दिवसभराच्या तयारीने आलेल्या. पोरं मधूनच पळत जाऊन चिप्स आणत होती.

माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. माझे केस पाहून त्यांनी ओळखलंच. "साब, कौनसी पलटन?" विचारपूस झाली. तेही फौजीच, एस्टॅब्लिशमेंट २२ मधले. ज्यांना ठाऊक आहे त्यांना जास्त सांगायला नको. ज्यांना नाही त्यांच्यासाठी एवढंच, की १९६२ च्या नोव्हेंबरात उभ्या राहिलेल्या या दलातले तिबेटी जवान १९७१ साली चितगावच्या डोंगरात आपल्या बाजूने लढले, पन्नासहून अधिक कामी आले, आणि दल गुप्त असल्यामुळे त्यांच्या नावाने बरीच वर्षं कुठे चार ओळी छापून आल्या नाहीत. तिबेटीत वडीलधाऱ्यांना 'पाला' म्हणतात. मीही त्यांना पालाच म्हणू लागलो.

नाटक द्रोवा सांगमोचं होतं. मोन देशाचा राजा, त्याची देवलोकातली राणी, आणि आधीची राणी जी मुळात राक्षसीण. मोन म्हणजे आपल्या तवांगकडचा मुलूख. मोनपा लोकांच्या त्या मुलखात मी पूर्वी दोन वर्षं काढली होती. पालांना हे सांगितल्यावर त्यांनी मांडवाच्या मधोमध ठेवलेल्या, पांढऱ्या दाढीच्या एका मूर्तीकडे बोट केलं. हा थांगतोंग ग्याल्पो. पंधराव्या शतकातला साधू, लोखंडी साखळ्यांचे पूल बांधणारा. पुलांसाठी पैसा हवा म्हणून त्याने सात बहिणींना गायला-नाचायला लावलं, लोक जमले, पैसे आणि लोखंड जमलं, आणि तिथून ल्हामो सुरू झालं अशी त्यांची परंपरा सांगते. तवांगचूवरचा चाकझमचा जुना साखळीपूल याच माणसाच्या नावावर सांगतात. मी तो पूल पाहिला होता आणि इंजिनियर कंपनीतल्या मित्राशी त्याच्या कड्यांवर तासभर चर्चाही केली होती. त्या पुलाचा आणि नाटकाचा बाप एकच आहे हे मला योलला आल्यावर कळलं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

तवांगला जाणाऱ्या प्रत्येकाने मिसामारी पाहिलेलं असतं. सुट्टीवरून परतताना गाडीची वाट बघत आपण तिथे कंटाळलेलो असतो. १९५९ च्या मार्चअखेरीस दलाई लामा खेंझीमानेहून भारतात आले, त्यांच्या मागून हजारो लोक आले, आणि त्यांतल्या पुष्कळांना याच मिसामारीत बांबूच्या झोपड्यांत ठेवलं होतं. बर्फाच्या मुलखातली माणसं, अंगावर जाड लोकरीचे कपडे, आसामचा उन्हाळा. भिक्षूंपैकी बऱ्याच जणांना उत्तर बंगालात बक्सा इथे पाठवलं. तिथे इंग्रजांनी आपल्या स्वातंत्र्यसैनिकांना डांबलं होतं. त्या जागेत क्षयाने कितीतरी भिक्षू गेले. बाकीचे सिक्कीम-हिमाचलात रस्त्याच्या कामाला लागले. तंबूत राहून खडी फोडायची, मूल पाठीला बांधलेलं. आज मनालीकडे ज्या रस्त्यांवरून आपले कॉन्व्हॉय जातात, त्यांतल्या काहींखाली हे श्रम आहेत.

आणि त्याच वर्षी, ऑगस्ट १९५९ मध्ये, कालिम्पोंगला त्यांनी ही नाट्यसंस्था काढली. डोक्यावर छप्पर नव्हतं, कागद नव्हते, उद्या कुठे असू याचा पत्ता नव्हता. आजचं बैलकुप्पे उभं राहायला अजून अवकाश होता. पुढे संस्था धर्मशाळेला आली. १९७० साली ग्रंथालय झालं, १९८८ साली चित्र, धातू आणि लाकूडकामासाठी नोर्बुलिंगका. पण पहिलं पाऊल नाटकशाळेचं.

हे ऐकून आमच्या मेसमधला एक अधिकारी म्हणाला होता, "पोटाला नाही तेव्हा नाचगाणं कसलं?" मला वाटतं, फौजी माणसाने तरी हा प्रश्न विचारू नये. युनिट नव्या जागी गेल्यावर पहिल्या आठवड्यात काय उभं राहतं? क्वार्टर गार्ड, लंगर आणि मंदिर. राहायची बॅरेक नंतर येते. मी अॅम्युनिशनच्या रिकाम्या पेट्यांवर मांडलेला गणपती पाहिला आहे आणि त्याच्यासमोर मायनस पंधरात ढोलकीवर वाजलेली आरतीही ऐकली आहे. त्या आरतीने थंडी कमी होत नाही. पण दुसऱ्या दिवशी पिकेटवर चढताना माणूस एकटा नसतो.

तिबेट्यांपाशी आणखी एक घाई होती. ल्हामो पुस्तकात नव्हतं, ते माणसांच्या गळ्यात आणि पायांत होतं. गोष्टी छापलेल्या मिळतात, पण शिकारी कुठल्या ठेक्यावर गिरकी घेतो हे कागदावर उतरत नाही. ती माणसं तंबूत आजारी पडत होती. तिकडे काही वर्षांतच सांस्कृतिक क्रांतीने मठ फोडले, जुने खेळ बंद पाडले. म्हणजे १९५९ साली "आधी घरं बांधू, मग बघू" असं ठरलं असतं, तर दहा वर्षांनी बघायला काय उरलं असतं? मला तो निर्णय भावनेपेक्षा जास्त व्यवहाराचा वाटतो.

संस्थेत मी काय पाहिलं तेही सांगतो, कारण 'सांस्कृतिक केंद्र' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हॉल येतो. इथे मुलं राहतात, शिकतात. कपडे आणि मुखवटे तिथेच बनतात. शिकून तयार झालेले लोक वसाहतींतल्या शाळांत संगीत-नृत्याचे शिक्षक म्हणून जातात. म्हणजे धर्मशाळा हे डेपो आणि बाकीच्या वसाहती युनिटं, असं समजा. आपल्या महाराष्ट्रातही अशी एक वसाहत आहे, गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाजवळच्या गोठणगावला. नाव नोर्ग्येलिंग, स्थापना १९७२ ची, जेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. थंडीत आपण ज्यांच्याकडून स्वेटर घेतो आणि घासाघीस करतो, त्यांतले काही तिथूनच येत असतील. ते लुधियानाचा माल विकतात हे मला ठाऊक होतं. उरलेले आठ महिने ते काय करतात हे मी कधी विचारलं नव्हतं.

आता आपल्याविषयी. उत्तरेतल्या एका मोठ्या स्टेशनवर असताना तिथल्या मराठी मंडळाचा मी तीन वर्षं सभासद होतो. जुनी, चांगली संस्था, मोक्याच्या जागी इमारत. हॉल लग्नांना भाड्याने जायचा, पुस्तकांच्या कपाटाची किल्ली एका काकांकडे आणि काका मुलाकडे पुण्याला. गणपतीचे दहा दिवस जोरात. वार्षिक सभेत मी सुचवलं की भाड्याच्या पैशातून एक शिक्षक ठेवू, रविवारी मुलांना मराठी वाचायला शिकवेल, जमलं तर गाणी-पोवाडे. सगळ्यांना कल्पना आवडली. मग पार्किंगच्या फरश्यांचा विषय निघाला आणि पैसे फरश्यांना गेले. मी रागावलो, पण मीही काही केलं नाही. वर्षभरात पोस्टिंग आलं, निघालो. माझी मुलगी केंद्रीय विद्यालयांत वाढली. आजीशी ती मराठी बोलते, पण 'ळ' तिच्या तोंडात बसत नाही आणि आजीचं पत्र मला वाचून दाखवावं लागतं. याचा दोष मी मंडळावर टाकत नाही.

कोणी म्हणेल, आपल्यामागे अख्खा महाराष्ट्र उभा आहे, आपल्याला काय घाई? खरंच आहे. पालांच्या मागे परत जायला काही नाही. पण सोय आहे म्हणून आपण ढिले पडलो, हेही तेवढंच खरं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. असं आपलं वेगळं केंद्र काढून बसलं की माणसं इथल्यांत मिसळत नाहीत. धर्मशाळेत हा नुसता तात्त्विक प्रश्न नाही. १९९४ साली मॅक्लोडगंजला स्थानिक आणि तिबेटी यांच्यात भडका उडाला होता, दुकानं फुटली होती. तिथल्या गद्दी मेंढपाळांची स्वतःची गाणी आहेत, पोशाख आहे, देव आहेत. त्यांच्याकडे बघायला परदेशी पाहुणे येत नाहीत, आणि हे त्यांना खुपतं. मला त्यांचं खुपणं रास्त वाटतं. पण त्यावरचा इलाज तिबेट्यांचं अंगण बंद करणं हा नव्हे. गद्द्यांच्या पोरांनाही शिकवणारा, महिन्याला पगार घेणारा उस्ताद राज्याने द्यावा, आणि शोतोनच्या एका दिवशी त्या अंगणात गद्द्यांचा नाच व्हावा. राहिला निष्ठेचा प्रश्न. चितगावला जे गेले ते स्वतःची गाणी विसरून गेले नव्हते.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. पालांचा मुलगा टोरांटोत असतो. तिथेही तिबेट्यांनी सांस्कृतिक केंद्र काढलं आहे, नात तिथे रविवारी नाच शिकते, त्याचा व्हिडिओ त्यांनी मला दाखवला. वसाहतींतली तरणी पोरं परदेशाची वाट धरतात, आणि २००८ नंतर तिबेटातून नवी माणसं येणं जवळजवळ थांबलं आहे. ज्या शाळेला मुलं मिळणार नाहीत तिथे शिक्षक काय करणार? यातलं सगळं आपल्या हातात नाही, पण काही आहे. इथे राहणाऱ्या तिबेट्याला परदेशी म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र पुन्हा पुन्हा नवं करून घ्यावं लागतं. २०१४ च्या पुनर्वसन धोरणाने वसाहतींच्या जमिनींना वीस वर्षांच्या भाडेपट्ट्याची सोय केली, तीही राज्यांनी करार केला तर. वीस वर्षं म्हणजे एका कलाकाराला शिकवून उस्ताद करायला लागतात तेवढी. जिथे शिकवणं चालू आहे अशा संस्थांना तरी हा पट्टा पन्नास-साठ वर्षांचा करावा, यात सरकारचं काही जात नाही. माजी सैनिकांच्या संघटना एवढ्या निवेदनांवर सह्या करतात, या एकावर करायला काय हरकत आहे? २२ वाले आपलेच माजी सैनिक आहेत.

तीन वाजता मी उठलो, कारण सहाला गार्ड चेक करायचा होता. मंचावर राक्षसिणीने राजाच्या दोन पोरांना मारायला माणसं पाठवली होती. पाला म्हणाले, "साब, अभी जाओगे? बच्चों का क्या होगा, देखोगे नहीं?" मी घड्याळ दाखवलं. ते फाटकापर्यंत सोबत आले आणि उतारावर थांबून पुढची गोष्ट सांगू लागले. मारेकऱ्यांना दया येते, भाऊबहिणीची ताटातूट होते, मुलगा दुसऱ्या देशाचा राजा होतो. ढोलाचा आवाज आला तसे ते मध्येच वळले आणि घाईने आत गेले. शेवट त्यांना चुकवायचा नव्हता.