पोत्यातील अनाहूत प्रवासी

पैनगंगेच्या अलीकडे तेलंगणा, पलीकडे महाराष्ट्र. आणि आदिलाबादच्या आम्हां व्यापाऱ्यांचे सोयरसंबंध व देवघेव दोन्ही तीरांवर. त्यामुळे नाक्यावरील तपासणी म्हणजे नसती कटकट, असा पुष्कळांचा समज आहे. २०२२ साली लंपी रोगामुळे महाराष्ट्रात गुरांचे बाजार बंद झाले, तेव्हाही हीच कुरकूर ऐकू आली. परंतु रोग व कीड यांना दूरदेशी पोहोचविणारा बहुधा मनुष्यच असतो.

धान्याच्या व्यापाऱ्यास तर हे सांगावयास नको. आज बांधाबांधावर माजलेले गाजरगवत भारतात प्रथम नजरेत भरले ते पुण्यास, १९५५ च्या सुमारास. परदेशी धान्याबरोबर त्याचे बी आले, असे सामान्यतः मानले जाते.

उलट, मूळचा आपल्याच भूमीतील मानला जाणारा खापरा भुंगेरा जगभर गेला. त्याला उडता येत नाही. पण त्याची केसाळ अळी पोत्याच्या शिवणीत वा भिंतीच्या फटीत अन्नावाचून वर्षानुवर्षे तग धरते. १९५३ साली तो कॅलिफोर्नियातील गोदामांत सापडला. सबंध इमारती ताडपत्रीखाली झाकून विषारी धुरी द्यावी लागली आणि ते निर्मूलन १९६६ पर्यंत चालले. याच भयास्तव २०११ पासून अमेरिकेने भारतातून येणाऱ्या प्रवाशांस सोबत तांदूळ आणण्याची मनाई केली आहे. परदेशी शिकणाऱ्या मुलाच्या पेटीतून घरचे तांदूळ काढून घेतले, की आईच्या जिवाला लागते, हे आम्ही जाणतो. पण तो आपला अपमान नव्हे. ज्या घराची चूल धान्याच्या व्यापारावर पेटते, त्या घराने तरी असा नियम परका मानू नये.

शिवाय आपणांस आणखी एक विचार करणे प्राप्त आहे. कीड एकदा गोदामात शिरली, की विषारी धुरीवाचून गत्यंतर उरत नाही आणि अगणित जीवांचा संहार घडतो. तिला प्रवासच घडू न देणे, हा अहिंसेचा अधिक सरळ मार्ग होय.

म्हणून आमची सूचना अशी : जुना बारदाना झाडून, उन्हात तापवूनच पुन्हा वापरावा, किडका माल परगावी पाठवू नये, मातीसकट रोपे व आजारी जनावरे सीमेपार नेऊ नयेत, आणि विचारणा होताच सोबत काय आहे ते खरे सांगावे. आपल्या संघाने हे चार नियम प्रत्येक पेढीवर लावावेत. मापात खोट नसणे ही जशी व्यापाऱ्याची अब्रू, तशीच पोत्यात कीड नसणे हीदेखील होय.