दोन लाखांचा संगणक

धुळ्याच्या एका वाचकभगिनींनीं गेल्या महिन्यांत विचारलेला प्रश्न त्यांच्या एकट्यांचा नाहीं, म्हणून त्याचें उत्तर खासगी पत्रानें न धाडतां येथें देत आहें. या भगिनी घरीं बसून गृहरचनेचीं चित्रें करितात. पुण्याचे वास्तुशिल्पी त्यांच्याकडे नकाशे पाठवितात. घर बांधून झाल्यावर तें आंतून-बाहेरून कसें दिसेल याचें हुबेहूब चित्र त्या संगणकावर उठवून परत पाठवितात. जुना संगणक आतां एका चित्राला सबंध रात्र घेतो, आणि मागील पावसाळ्यांत दोन कामें वेळेवर न गेल्यामुळें कायमचीं हातचीं गेलीं. घर मोठें आहे. सासरे, दीर, जाऊ, पुतणे अशा सर्वांचा विचार होऊन नव्या, भारी संगणकासाठीं दोन लाख रुपये मंजूर झाले. कोणकोणते भाग घ्यावयाचे ही यादी करण्याचें काम मात्र बारावींतल्या पुतण्याकडे गेलें, कारण ‘त्याला त्यांतलें कळतें’. ती यादी मजकडे पाठवून भगिनी विचारतात कीं, हिच्यांत मीं काय पाहावें?

यादी पाहून मला मुलाचें कौतुकच वाटलें. एकेका भागाचें नांव, क्रमांक व भाव त्यानें नीट टिपला आहे. आमच्या शाळेंतील मुलांच्या प्रयोगवह्यासुद्धां इतक्या व्यवस्थित नसत. परंतु यादी करतांना त्याच्या डोळ्यांपुढें स्वतःचे खेळ होते, काकूचें काम नव्हतें. खेळाला उत्तम असलेला संगणक चित्रें उठविण्यासही उत्तम असतोच असें नाहीं, आणि किंमत लाखांत गेली म्हणजे हा भेद हजारोंनीं मोजावा लागतो.

प्रथम प्रोसेसर घेऊं. यादींत ए.एम्.डी. कंपनीचा ‘रायझेन ७ ९८००एक्स-थ्रीडी’ आहे. नोव्हेंबर २०२४ मध्यें निघालेल्या या प्रोसेसरानें खेळांत मोठें नांव मिळविलें, तें त्याच्या पोटांत बसविलेल्या जादा जलद स्मृतीमुळें. त्याचे कोअर आठ. कोअर म्हणजे स्वतंत्रपणें हिशेब करणारें एक डोकें असें समजावें. त्याच कंपनीच्या त्याच वर्षींच्या ‘रायझेन ९ ९९५०एक्स’ मध्यें अशीं डोकीं सोळा आहेत. खेळांत आठांच्या वरचे कोअर बहुधा बसून राहतात. रेंडरिंग करतांना, म्हणजे चित्र उठवितांना, प्रोग्राम त्या चित्राचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येक कोअरास वांटून देतो. तेथें कोणीच रिकामें राहत नाहीं व तेंच काम जवळजवळ निम्म्या वेळांत उरकतें. पंगत मोठी असेल तर आठ वाढप्यांपेक्षां सोळा बरे. दोनच पानें मांडलीं असतील तर ते एकमेकांच्या पायांत येतात, इतकाच याचा अर्थ.

वांटून काम करण्याची ही युक्ति पुण्यानें फार पूर्वीं सिद्ध करून दाखविली आहे. भारताला हवा तसा महासंगणक अमेरिकेकडून मिळेना, तेव्हां विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं सी-डॅक संस्थेनें अनेक लहान प्रोसेसर एकत्र जोडून १९९१ सालीं ‘परम ८०००’ उभा केला. त्याची शक्ति सेकंदास सुमारें शंभर कोटी गणितांची होती. आज साधारण ग्राफिक्स कार्ड याच्या हजारों पट गणितें करितें, पण तत्त्व तेंच. ‘संगणक’ या शब्दांतील ‘सम्’ या उपसर्गाचा ‘एकत्र’ हा अर्थ त्या यंत्रांत अक्षरशः खरा झाला, हें संस्कृताच्या जुन्या मास्तराला सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

ग्राफिक्स कार्डाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. यादींत ‘आर.टी.एक्स. ५०७०’ असून त्याची स्वतःची स्मृति १२ जी.बी. आहे. त्याच मालिकेंत खालच्या पायरीवर ‘५०६० टी.आय.’ हें कार्ड १६ जी.बी.चें मिळतें. दोन्ही २०२५ सालींच निघालीं. वेगांत पहिलें सरस, यांत वाद नाहीं. परंतु कार्डावर रेंडरिंग करतांना घरांतील भिंती, फरशी, पडदे, झाडें, प्रत्येक लांकडाची रेघ, सर्व कांहीं त्या कार्डाच्या स्मृतींत मावावें लागतें. वेग कमी पडला तर काम उशिरां होतें. जागा कमी पडली तर कामच अडतें. याकरितां माझा कल दुसऱ्याकडे आहे. मात्र त्याच नांवाचें कार्ड ८ जी.बी.चेंही विकलें जातें, तेव्हां खोक्यावरील आंकडा स्वतः वाचून घ्यावा. आणि याच्याही आधीं एक गोष्ट ठरली पाहिजे : भगिनींचा रेंडरिंगचा प्रोग्राम प्रोसेसरावर चालतो कीं कार्डावर? प्रोसेसरावर चालत असेल तर भारी कार्डाची गरजच नाहीं. हें घरांत फक्त त्यांनाच ठाऊक आहे, आणि तोच प्रश्न त्यांना कोणीं विचारलेला नाहीं.

रॅमची एकच १६ जी.बी.ची पट्टी यादींत आहे. हें अगदींच अपुरें. पट्ट्या नेहमीं सारख्या दोन घ्याव्यात, म्हणजे प्रोसेसरास दोन्ही वाटांनीं माल पोंचतो. या कामास ३२ च्या दोन असाव्यात. ‘आज एक घेऊं, पुढें भर घालूं’ हा हिशेब हल्लींच्या डी.डी.आर.५ रॅमला नीट लागू पडत नाहीं, कारण चार पट्ट्या लावल्या कीं त्यांचा वेग बहुधा उतरवावा लागतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारखान्यांनीं जगांतील स्मृति उचलल्यामुळें २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव फार चढले, हें खरें. तरी हात आंखडावयाचा तो कांचेच्या कॅबिनेटवर व रंगीत दिव्यांवर आंखडावा.

येथवरचें कोणीही पुण्या-मुंबईचा जाणकार सांगेल. आतां खानदेशाचें सांगतों.

जळगांव-धुळ्यास एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढणें हें आपणांस नवें नाहीं. संगणकांच्या ज्या परीक्षा पुतण्या पाहतो, त्या घेणारे बहुधा २०-२५ अंशांच्या थंड खोलींत बसलेले असतात. प्रोसेसरावरील पंखा कितीही भारी असो, तो आंतील उष्णता फक्त बाहेर टाकतो. खोलीच्या हवेपेक्षां थंड तो कांहींच करूं शकत नाहीं. समजा, २२ अंशांच्या खोलींत पूर्ण कामाच्या वेळीं प्रोसेसर ८२ अंशांवर राहिला, म्हणजे खोलीपेक्षां ६० अंश वर. तोच संगणक आपल्या माडीवरच्या स्लॅबखालील खोलींत, दुपारीं ४० अंशांत चालविला तर तो १०० वर गेला पाहिजे. वर सांगितलेल्या रायझेनची मर्यादा ९५ अंशांची आहे. तेथें पोंचतांच तो जळूं नये म्हणून स्वतःच वेग कमी करितो. ज्या वेगासाठीं पैसे मोजले तो वेग ऐन कामाच्या महिन्यांत मिळत नाहीं, आणि दुकानदाराचा यांत कांहीं दोष नसतो.

म्हणून कॅबिनेट पुढून जाळीचें घ्यावें. पुढें कांच असलेलें दिसतें सुंदर, पण गुदमरतें. प्रोसेसरासाठीं मोठा दोन पंख्यांचा हवेचा कूलर पुरेसा आहे. पाणी फिरविणारा घेतला तरी त्यालाही खोलीचीच हवा खावी लागते, हें विसरूं नये. तिसरी गोष्ट पैशाशिवाय होते. संगणकाच्या मूळ व्यवस्थेंत, ज्यास बायॉस म्हणतात तींत, प्रोसेसराची विजेची मर्यादा उतरवितां येते. १७० वॅटचा म्हणून विकला जाणारा ९९५०एक्स ‘इको’ योजनेंत १०५ वॅटवर ठेवला तर कामाच्या वेगांत थोडी घट होते, उष्णतेंत पुष्कळ. एप्रिल ते जून असें करावें व पाऊस पडल्यावर पूर्ववत् ठेवावें. आणि आपल्याकडे घरोघरीं पाण्याचे कूलर आहेत, त्यांच्या झोतासमोर संगणक कधींही ठेवूं नये. आपल्या जड पाण्याचे कूलरच्या जाळीवर कसे पांढरे थर बसतात हें ज्यानें पाहिलें आहे, त्याला ओलसर झोताचें व विजेच्या यंत्राचें सख्य नाहीं हें वेगळें सांगावयास नको.

विजेकडे तर यादींत लक्षच नाहीं. पॉवर सप्लाय ‘६५० वॅट, दुकानांतला’ एवढेंच लिहिलें आहे, आणि जुनाच ६०० व्ही.ए.चा यू.पी.एस्. चालवावयाचा आहे. हिशेब करूं. प्रोसेसर भरांत असतां २०० वॅटपर्यंत घेईल, कार्ड १८०, मॉनिटर व बाकीचे भाग मिळून शंभराच्या आसपास. बेरीज जवळजवळ ४८०. सहाशे व्ही.ए.चा यू.पी.एस्. साधारणतः ३६० वॅटच देऊं शकतो. वळवाच्या वाऱ्यानें वीज गेली कीं तो त्याच क्षणीं हात वर करील, आणि पांच तास चाललेलें चित्र गेलें! येथें १५०० व्ही.ए.चा, शुद्ध साइन लहर देणारा यू.पी.एस्. हवा. स्वस्त इन्व्हर्टराची चौकोनी लहर हल्लींच्या चांगल्या पॉवर सप्लायना मानवत नाहीं. पॉवर सप्लाय नांवाजलेल्या कंपनीचा, ७५० वॅटचा, ‘८० प्लस गोल्ड’ शिक्क्याचा असावा. बाकीचा कोणताही भाग बिघडला तर तो एकटा जातो. हा भाग हलका निघाला तर जातांना शेजाऱ्यांनाही घेऊन जातो.

जुन्या वाड्यांत तिसऱ्या तारेचा, म्हणजे अर्थिंगचा, पत्ता बहुधा नसतो. संगणक येण्यापूर्वीं वायरमन बोलावून तें तपासावें. कोळसा व मीठ घालून केलेला खड्डा असेल तर उन्हाळ्यांत त्यांत मधून मधून पाणी ओतावें. कोरड्या मातींतून वीज नीट उतरत नाहीं. खर्चाचेंही सांगून टाकतों. अर्धा किलोवॅट सहा तास म्हणजे रोजचे तीन युनिट, महिन्याचे नव्वद. महावितरणचा घरगुती दर शंभर युनिटांनंतर पायरीनें चढत असल्यामुळें बिलांत हा फरक चांगला दिसेल. पहिल्या बिलावर घरांत कुरकूर होण्यापेक्षां हें आधींच सर्वांना सांगितलेलें बरें. तें यंत्र मिळवितें आहे, नुसतें खात नाहीं.

आतां खरेदी. जळगांवचा माणूस सराफाच्या दुकानीं वजन वेगळें, शुद्धतेचा शिक्का वेगळा व घडणावळ वेगळी विचारल्यावांचून अंगठीसुद्धां घेत नाहीं. तोच माणूस संगणकाच्या दुकानीं जाऊन ‘सगळा सेट कितीला?’ एवढेंच विचारतो. माझा एक जुना विद्यार्थी हाच व्यवसाय करितो. त्याच्या दुकानीं मीं हें कित्येकदां पाहिलें. सोन्यावर तीन टक्के जी.एस्.टी., संगणकाच्या भागांवर अठरा. तेव्हां येथें तर अधिक चौकस असावें. प्रत्येक भागाचें नांव, अनुक्रमांक व भाव लिहिलेलें पक्कें बिल घ्यावें. हमी भागागणिक निरनिराळी असते : कार्डाची प्रायः तीन वर्षें, एस्.एस्.डी.ची पांच, चांगल्या पॉवर सप्लायची त्याहूनही अधिक. बिघडलेला भाग पुष्कळदां नाशिक, पुणें किंवा मुंबईस पाठवावा लागतो. म्हणून खोकीं जपून ठेवावींत, माळ्यावर जागा नसली तरी! दोन-तीनशे रुपये वांचविण्यासाठीं कच्च्या पावतीवर माल घेणारांचें मला नेहमीं आश्चर्य वाटतें.

जोडणीचें काम पुतण्यालाच द्यावें. तो तें आनंदानें करील, आणि काकूनें शेजारीं बसून पाहावें. रॅमच्या पट्ट्या प्रोसेसरापासून दुसऱ्या व चौथ्या खांचेंत बसवाव्यात. मॉनिटरची तार मदरबोर्डास न लावतां ग्राफिक्स कार्डास लावावी. ही चूक इतकी सर्रास होते कीं, हजारों रुपयांचें कार्ड महिनोन्‌महिने निजून राहतें. सहा हजार वेगाची म्हणून घेतलेली रॅम बायॉसमध्यें ‘एक्स्पो’ ही सोय सुरू करीपर्यंत कमी, बहुधा ४८०० च्या, वेगानेंच चालते. बायॉस स्वतः अद्ययावत् करून घ्यावा. २०२४ सालीं इंटेलच्या तेराव्या व चवदाव्या पिढीचे कांहीं प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळें अस्थिर होत असल्याचें उघड झालें, तेव्हां त्यावरील उपाय बायॉसच्या नव्या आवृत्तींतूनच आला. ज्यांनीं तो बसविला नाहीं त्यांना तो नुसता ऐकूनच माहीत. जोडणी झाल्यावर पहिल्या आठवड्यांत, दुकानदार अजून ओळख देतो तोंवर, भर दुपारीं चार-सहा तास सलग रेंडरिंग करून यंत्राची परीक्षा घ्यावी व तापमानाचे आंकडे वहींत टिपावेत.

राहिला घरांतील वहिवाटीचा प्रश्न. संगणक सर्वांच्या पैशांतून आला, म्हणून तो सर्वांचा, हें मान्य. पण ज्या रात्रीं काकूचें चित्र चालू आहे त्या रात्रीं खेळ चालूं शकत नाहीं, हें आजच, खरेदीपूर्वीं, मोठ्यांच्या देखत ठरावें. प्रत्येकाचें खातें वेगळें असावें आणि व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द काकूपाशीं असावा. सासऱ्यांना हें चमत्कारिक वाटेल. परंतु दुकानाच्या तिजोरीची किल्ली दुकान चालविणाराच्या कमरेला असते, आणि त्याबद्दल कोणाला राग येत नाहीं. पूर्ण झालेलीं चित्रें दुसऱ्या एका डिस्कवर उतरवून ती डिस्क कपाटांत ठेवावी. जुन्या संगणकावर अद्याप विंडोज १० असल्यास तिची सुरक्षेची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला सामान्यतः संपली आहे. तो मुलांना खेळावयास खुशाल द्यावा, पण त्यावर बँकेचे व्यवहार करूं नयेत.

धूळ वर्षांतून दोनदां काढावी : एकदां आखाजीच्या आधीं, ऊन चढण्यापूर्वीं, आणि एकदां दिवाळीच्या झाडलोटींत. वीज बंद करून, कॅबिनेटची बाजू उघडून, हवेच्या फुंकणीनें जाळी व पंखे साफ करावेत. फुंकतांना पंख्याचें पातें बोटानें धरून ठेवावें, तें भरकन फिरूं देऊं नये. ओलें फडकें आंत नेऊं नये.