निंदा कशाला म्हणावे?

भोसरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या आमच्या कामगारवस्त्यांत ‘निंदा’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. कंत्राटदार भविष्यनिर्वाह निधी भरीत नाही असे एखादा कामगार बोलला, किंवा धर्मग्रामाच्या सभेत कुणी हिशेब मागितला, की त्याला तत्काळ बजावले जाते, “निंदा करू नका!” मात्र मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात शेजाऱ्याच्या लेकीविषयी जे कुजबुजले जाते, त्याला आम्ही ‘गप्पा’ म्हणतो. शब्दांच्या या अदलाबदलीला आमचा विरोध आहे.

आठव्या आज्ञेचे विवरण करताना 1992 सालच्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथाने तीन अपराध वेगवेगळे सांगितले आहेत. पुरेशा आधाराविना कुणाला मनोमन दोषी ठरविणे, हा पहिला. रास्त कारणाविना कुणाचे खरे दोष अजाण लोकांपुढे उघडे करणे, हा दुसरा. असत्य बोलून कुणाचे नाव बुडविणे, हा तिसरा. तेव्हा “आम्ही खरे तेच सांगितले” ही सबब पुरेशी नाही.

देशाचा कायदाही याहून फार निराळे सांगत नाही. 1860 च्या दंडसंहितेतील कलम 499 ची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 ने घेतली. त्यानुसार सत्य आरोपही लोकहितासाठी केलेला असावा लागतो. परंतु अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार ही अब्रुनुकसानी ठरत नाही. भ्यालेल्या कामगाराने हे ध्यानात ठेवावे.

‘अब्रू’ हा शब्द फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ चेहऱ्यावरचे पाणी. गाव सोडून येथे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यापाशी जमीन नाही, भाऊबंद नाहीत. काम, खोली, लेकीचे स्थळ, सारे कुणाच्या तरी शब्दावर मिळते. त्याचे ते पाणी उतरविणे म्हणजे त्याच्या ताटातील भाकरी ओढून घेणे होय.

प्रभू येशूवरही ‘दुर्भाषणा’चाच आरोप ठेवण्यात आला होता. प्रमुख याजकापुढे त्याला चपराक बसली, तेव्हा त्याने विचारले की, माझे बोलणे चुकले असेल तर चूक दाखवा. योग्य असेल तर मारता का? हिशेब मागणाऱ्याला ‘निंदक’ म्हणण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर आम्ही द्यावे. आणि आवारात तोंड उघडण्यापूर्वी, ज्याच्याविषयी बोलायचे तो समोर उभा आहे असे समजावे.