हरलेला १९८२ चा ब्राझील सगळ्यांना आठवतो, जिंकलेला १९९४ चा का नाही?

ब्राझीलने शेवटचा फुटबॉल विश्वचषक जिंकला २००२ मध्ये. म्हणजे २०२६ च्या स्पर्धेपर्यंत २४ वर्षं झाली. त्यात पात्रता फेरीत मार्च २०२५ मध्ये अर्जेंटिनाने ४-१ असं धुतलं. प्रशिक्षक दोरिव्हाल ज्युनिअर यांना नारळ मिळाला आणि संघ इटलीच्या कार्लो अँचेलोटी यांच्या हाती गेला. ब्राझील पात्र ठरला, पण दक्षिण अमेरिकेत चक्क पाचवा येऊन. आता जुना वाद पुन्हा वर आलाय: ब्राझीलने ब्राझीलसारखं खेळायचं, की कसंही करून जिंकायचं?

या वादात दोन संघांची नावं हमखास निघतात.

पहिला १९८२ चा. प्रशिक्षक टेले सांताना, मैदानात झिको, सॉक्रेटिस, फाल्काव, एडर. ५ जुलैला बार्सिलोनात इटलीविरुद्ध त्यांना उपांत्य फेरीसाठी फक्त बरोबरी हवी होती. ६८ व्या मिनिटाला फाल्कावने गोल केला, स्कोअर २-२. इथे कुठल्याही शहाण्या संघाने दार लावून घेतलं असतं. हे मात्र पुढेच जात राहिले. ७४ व्या मिनिटाला पाओलो रॉसीने तिसरा गोल केला आणि खेळ खल्लास. फिक्सिंग प्रकरणातली दोन वर्षांची बंदी संपवून आलेल्या रॉसीचा त्या स्पर्धेत तोवर एकही गोल नव्हता. त्या दिवशी त्याने तीन केले. इटली पुढे विश्वविजेता झाला.

दुसरा संघ १९९४ चा. त्याने सात सामन्यांत फक्त तीन गोल खाल्ले आणि कप घरी आणला. सॉक्रेटिसचा धाकटा भाऊ राई हा या संघाचा दहा नंबर आणि कर्णधार. स्पर्धा सुरू असतानाच त्याला बसवलं आणि कर्णधारपद डुंगाकडे गेलं. शैलीच्या घराण्यातला माणूस बाहेर, मेहनती मिडफिल्डर आत! निर्णय बरोबर ठरला. पण अंतिम सामना ०-० सुटून पेनल्टीवर गेला आणि त्यातलं लोकांच्या डोक्यात काय राहिलं? इटलीच्या बॅजिओने बारवरून मारलेला चेंडू. जिंकला ब्राझील, फोटो लक्षात राहिला हरलेल्याचा.

मग शैलीच लक्षात राहते का?

इतकं सोपं नाही. १९८६ मध्ये सोव्हिएत संघाने हंगेरीला ६-० ने उडवलं आणि नंतर बेल्जियमकडून ४-३ ने हरला. बेलानोव्हने त्या हरलेल्या सामन्यात हॅटट्रिक केली, त्या वर्षीचा बॅलन डी'ओरही त्यालाच मिळाला. खेळ देखणा होता, हार चटका लावणारी होती. तरी त्या संघाच्या आठवणीने उसासे टाकणारे किती भेटतात?

जे हरलेले संघ टिकले, त्यांनी खेळ बदलून ठेवला होता. हंगेरीने १९५३ मध्ये वेम्ब्लीवर इंग्लंडला ६-३ ने हरवलं आणि इंग्रजांना कळलं की आपण खेळतोय ते जुनं झालंय. पुढच्याच वर्षी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात २-० ने पुढे असताना हाच संघ पश्चिम जर्मनीकडून ३-२ ने हरला. १९७४ च्या नेदरलँड्सचंही तसंच. अंतिम सामन्यात जर्मनांचा पाय चेंडूला लागायच्या आधी डच संघाला पेनल्टी मिळाली, गोलही झाला, तरी शेवटी हार. पण क्रॉयफने ती पद्धत बार्सिलोनात नेली आणि स्पेनने २०१० चा विश्वचषक जिंकला, त्यामागे हाच वारसा होता. गंमत म्हणजे या देखण्या स्पेनने सात सामन्यांत केवळ आठ गोल केले होते.

आणि आठवतं ते नेमकं कोणाला, हेही बघायला हवं. १९५४ चा विजय जर्मनीत 'बर्नचा चमत्कार' म्हणून ओळखला जातो. महायुद्धात हरलेल्या देशाने त्या दिवशी पुन्हा मान वर केली, असं तिथे मानतात. त्यांना हंगेरीची हळहळ कशाला वाटेल? हळहळ आपल्यासारख्यांना वाटते. कोल्हापूर, गोवा, कोलकाता, केरळ इथे विश्वचषकात ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, पण कप आपल्या घरी येणार नसतो. ज्याचं पोट निकालावर अवलंबून नाही, त्याला चव बघायला सवड मिळते. माझ्या मते 'शैलीच अमर' हे मत मुख्यतः अशा पाहुण्या चाहत्यांचं आहे.

ब्राझीलच्या लोकांना ही चैन परवडत नाही. १९९४ च्या संघावर तिथेही कंटाळवाणा म्हणून टीका झालीच, पण १९७० पासून थांबलेला देश तेव्हा रस्त्यावर नाचलाही. शर्यतीत मरण पावलेल्या आयर्टन सेन्नाला खेळाडूंनी तो विजय वाहिला होता. बाहेरच्यांच्या यादीत हे सहसा नसतं.

आता २४ वर्षांचा तोच हिशोब अँचेलोटींच्या पुढ्यात आहे. प्रशिक्षक म्हणून पाच चॅम्पियन्स लीग जिंकलेला हा माणूस एका शैलीला चिकटून बसणारा नाही. हाताशी जे खेळाडू असतील त्यांना धरून तो डाव मांडतो. दुखापत झाली नसती तर १९८२ मध्ये कदाचित तो इटलीकडून खेळलाही असता. १९९४ च्या अंतिम सामन्यात मात्र तो हजर होता. इटलीच्या बाकावर, सहायक प्रशिक्षक म्हणून.