समुद्रावर पाऊस पडत नाही म्हणे!

शास्त्रीय डेटाच्या लायब्रऱ्यांमध्ये 'मॅप' नावाचं फीचर हमखास सापडतं. तुम्ही एक फंक्शन द्यायचं, लायब्ररी ते प्रत्येक आकड्यावर चालवते आणि त्याच आकाराचं उत्तर हातात ठेवते. लूप नको, इंडेक्सची कटकट नको. झकास! पण हे फीचर डिझाइन करणाऱ्याला एक प्रश्न टाळता येत नाही. जिथे आकडाच नाही, तिथे फंक्शन चालवायचं का? माझं मत स्पष्ट आहे: सांगितल्याशिवाय नाही.

उदाहरण आमच्या रत्नागिरीचंच घेतो. हवामान खात्याचा रोजच्या पावसाचा ग्रिड डेटा १९०१ पासूनचा आहे. प्रत्येक घर ०.२५ अंशाचं, म्हणजे साधारण २७ किलोमीटरचं. हा डेटा जमिनीवरच्या पर्जन्यमापकांवरून तयार केलेला, त्यामुळे समुद्रावरच्या घरांत पावसाऐवजी -९९९ असतं. फाइल वाचताना आपण त्याचं नॅन करून घेतो. इथवर सगळं ठीक.

आता रत्नागिरीभोवती चौकोन कापला की पश्चिमेची काही घरं अरबी समुद्रात जाणारच. खात्याच्या वर्गवारीत २४ तासांत ६४.५ मिमीपासून पुढे 'जोरदार पाऊस' सुरू होतो. म्हणून मी एका ओळीचं फंक्शन लिहिलं: आकडा ६४.५ किंवा जास्त असेल तर १, नाहीतर ०. दिलं मॅपला.

गंमत इथेच आहे. आयट्रिपलई ७५४ च्या नियमाप्रमाणे नॅन कशाहीपेक्षा मोठा नाही आणि लहानही नाही. तुलना केली की उत्तर 'खोटं'. म्हणजे समुद्रावरच्या घरात ० आला. 'माहीत नाही' चं 'जोरदार पाऊस नव्हता' झालं! समजा चौकोनात चारच घरं आहेत, एक समुद्रातलं, आणि बाकी तिन्हींत धो धो पाऊस. खरं उत्तर १०० टक्के, हातात येतं ७५. एरर नाही, वॉर्निंग नाही. बरं, ०.७५ हा आकडा इतका साळसूद की कुणाला शंकाही येऊ नये. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना पावसाच्या आकड्यातला असा फरक किरकोळ वाटणार नाही.

पांडाजच्या मॅपमध्ये यावर सोय आहे. 'एनए ॲक्शन' ला 'इग्नोर' सांगितलं की रिकाम्या जागेला फंक्शन शिवत नाही. पण डिफॉल्ट उलटा आहे. त्यामागचं कारणही समजण्यासारखं आहे. काही फंक्शनांचं कामच रिकाम्या जागा भरण्याचं असतं, त्यांना नॅन दिसायलाच हवा. मान्य. पण दोन्ही बाजूंचं नुकसान तोलून बघा. डिफॉल्ट माझ्या मताप्रमाणे ठेवला, तर भरायला निघालेल्याला जागा रिकाम्याच दिसतील आणि पाच मिनिटांत कळेल की पर्याय बदलायला हवा. उलट डिफॉल्टमध्ये चूक दिसतच नाही. दिसणारी चूक कधीही परवडली.

वेगाचं काय? एक मास्क काढावा लागेल, थोडा वेळ जाईल. जाऊ दे की!

आणखी एक भानगड म्हणजे नाव. पांडाजने २०२३ मध्ये डेटाफ्रेमच्या 'अप्लायमॅप' चं नाव 'मॅप' केलं. तिथे फंक्शनला एकेक आकडा मिळतो. एक्सअरेने २०१९ मध्ये डेटासेटच्या 'अप्लाय' चं 'मॅप' केलं. तिथे मात्र अख्खं व्हेरिएबल मिळतं. नाव एक, करार वेगळे. दुसऱ्या प्रकारात लायब्ररी एकेक नॅन अडवू शकत नाही, ती जबाबदारी फंक्शन लिहिणाऱ्याची. मग हे डॉक्युमेंटेशनच्या पहिल्या ओळीत यायला हवं, शेवटच्या टीपेत नाही.

थोडक्यात काय, तर मॅपने निमूटपणे सांगितलेलं काम करावं आणि जे माहीत नाही ते 'माहीत नाही' असंच परत द्यावं. समुद्रावरही पाऊस पडतो हो, फक्त या डेटात तो मोजलेला नाही. एवढा फरक लायब्ररीने राखला तरी पुष्कळ.